तिसरं पाणी पण ५०० मध्येच? काय भो!

दादा नमस्कार,
मी भुसावळचा. दर रविवारी आमच्या गच्चीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) चालतं, पाचवी एडिशन, २०१४ वाली पुस्तकं, मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आणि खेळणारे चार. दुनिया आपल्याच भागावरून बनवली, खाली तापी, वर सातपुडा, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी एक लोहार बसवला जो हत्याराला जादूचं पाणी पाजतो. नियम माझेच. एक पाणी म्हणजे +१, फटका मारताना फाशात एक जास्त. दर पाण्याला ५०० गोल्ड आणि राक्षसाच्या पोटातून निघालेला एक खडा. तीन पाणी झाले की वरून आग लावता येते, दर फटक्याला एक डी६ (सहा बाजूंचा फासा) डॅमेज जास्त, ती पण ५०० लाच. लोहार दरवेळी डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकतो, ५ किंवा खाली आला तर पैसे अन् खडा दोन्ही गेले, १ आला तर हत्यारच मोडलं.
आता सगळे लेव्हल ५ ला आहेत. फायटर माझा मावसभाऊ खेळतो, त्याची तलवार +३ आणि वर आग. रोग (rogue, म्हणजे चोरट्या) क्लासवाल्याचा खंजीर पहिल्याच वेळी १ येऊन मोडला, तो दोन रविवार झाले आला नाही. विझार्ड (जादूगार) खेळणारी मैत्रीण म्हणते माझ्याकडे ३००० गोल्ड पडलेत, त्याचं करू काय. क्लेरिकवाला (पुजारी खेळणारा) काही बोलत नाही, मोबाईल बघत बसतो. मावसभावाला आवरायला मी राक्षसांचा एसी, म्हणजे त्यांना फटका लागायला गाठावा लागणारा आकडा, १९ केला तर बाकीच्यांचं काहीच लागेना. तलवार चोरीला घालवू का? पण मग विषय मावशीपर्यंत जाईल. काय करू?
— हैराण डीएम, भुसावळ

भाऊ, पहिले तर ते चोरीचं डोक्यातून काढून टाक. चोरी झाली की दोन मिनिटांत त्याला कळणार की चोर डीएमच आहे, मग तो पुढचे चार सेशन बाकी सगळं सोडून तलवार शोधत फिरेल, सापडली तर तू होता तिथंच आला आणि नाही सापडली तर दिवाळीच्या फराळाला पण तोच विषय. आणि त्या बिचाऱ्याने केलं काय, तू जे रेटकार्ड लावलं त्याप्रमाणे पैसे मोजले आणि माल घेतला. गडबड तुझ्या लोहाराच्या भावात आहे.

आता +१ बद्दल बोलू, कारण सगळं पाणी तिथंच मुरतंय. डी२० वर +१ म्हणजे ५ टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं आणि म्हणूनच सगळे त्याला चिल्लर समजतात. पण पाचव्या एडिशनमध्ये आकडे मुद्दाम दाबून ठेवलेले आहेत. लेव्हल १ चा बरा फायटर घे, स्ट्रेंग्थचे (ताकदीचे) +३ आणि प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) +२, म्हणजे हिटला (फटका मारायच्या फाशात) +५. तोच माणूस लेव्हल २० ला गेला तर स्ट्रेंग्थ २० वर अडते म्हणजे +५, प्रोफिशियन्सी +६, एकूण +११. म्हणजे २० लेव्हल घासून, एवढी जनावरं मारून, हिटमध्ये वाढ किती तर ६. आणि तू त्यातली अर्धी वाढ १५०० गोल्डमध्ये लेव्हल ५ ला विकून टाकली, वरून +३ डॅमेजला पण लागतात ते फ्री.

हिशेब करून दाखवतो, वही घे. क्रिटिकल, म्हणजे २० पडल्यावरचं जास्तीचं डॅमेज, सोडून देऊ, उगाच गुंता होतो. लेव्हल ५ चा फायटर, स्ट्रेंग्थ १८, हिटला +७, समोर एसी १५. त्याला ८ किंवा वर पाहिजे, म्हणजे ६५ टक्के. लाँगसोर्डचा डी८ सरासरी साडेचार, अधिक ४, म्हणजे फटक्याला साडेआठ, आणि लेव्हल ५ ला फटके दोन. ६५ टक्क्यांनी गुणलं तर एका टर्नला सरासरी ११.०५ डॅमेज. आता तुझा खंजीरवाला बघ, हिटला तेच +७, फटका एकच, पण डी४ अधिक ४ आणि वर स्नीक अटॅकचे (गाफील शत्रूवरच्या वाराचे) तीन डी६, मिळून १७. ६५ टक्क्यांनी गुण. ११.०५! पॉइंटापर्यंत सारखं आलं, अर्थात थोडा योगायोग आहे, फायटिंग स्टाईल किंवा दुसऱ्या हातातलं हत्यार धरलं तर आकडे हलतील, पण सांगायचं हे की मुळात ही दोन पोरं बरोबरीत बसवलेली होती.

मग तुझा लोहार आला. फायटरला +१ दिला तर त्याची सरासरी १३.३ होते, २० टक्के वाढ. +२ ला १५.७५, म्हणजे ४२ टक्क्यांच्या वर. +३ ला १८.४, मूळच्या दीडपटीपेक्षा जास्त. त्यावर आग टाकली की २४. दुपटीच्या वर गेला ना भो, आणि खंजीरवाला तिथंच ११ वर. नुसती डी६ आग बिनपाण्याच्या तलवारीवर टाकून बघ, १५.६ येतं, म्हणजे एकटी आग जवळपास +२ एवढी भारी आहे आणि तू तिला शेवटची फोडणी समजून ५०० ला देऊन टाकली.

आणखी एक गोष्ट या हिशेबात लपलेली आहे, ती बहुतेक डीएमच्या नजरेतून सुटते. खंजीरवाल्याला तोच +१ दिला असता तर त्याची वाढ १४ टक्केच, फायटरची २०. तीच आग खंजिराला दिली असती तर साधारण २० टक्के, फायटरला मात्र ४१. म्हणजे 'दर फटक्याला' असं लिहिलेला कुठलाही नियम हा जास्त फटके मारणाऱ्याच्या खिशात जातो. खंजीरवाल्याचा खंजीर मोडला नसता तरी तो मागेच पडणार होता, फक्त हळूहळू.

आता ते एसी १९. एकाला भरीत मिळमिळीत लागतं म्हणून सगळ्या भरीत पार्टीच्या भरतात मिरच्या दुप्पट टाकल्या असा प्रकार केला तू, बाकीचे पाण्याचा तांब्या शोधत बसले. एसी १९ ला मावसभावाचे +१० आहेत, त्याचे अजूनही ६० टक्के फटके लागतात आणि सरासरी १८ निघते. खंजीरवाल्याचे लागतात ४५ टक्के, सरासरी ७.६५. ज्याला आवरायचं होतं तो मजेत आहे आणि ज्याला काही मिळालंच नाही त्याचा तिसरा हिस्सा गेला. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाईडमध्ये राक्षस बनवायचा तक्ता आहे, त्यात चॅलेंज रेटिंग (राक्षस किती भारी त्याचं माप) ५ ते ७ ला एसी १५ आहे, आणि एसी १९ येतो तो थेट रेटिंग १७ पासून पुढे. तर ते १९ आजच खोडून टाक, हा पहिला इलाज आणि फुकटातला.

भाव काय लावायचा? त्याच पुस्तकात +१ हत्यार अनकॉमन, +२ रेअर, +३ व्हेरी रेअर. अनकॉमनची किंमत १०१ ते ५०० गोल्ड, रेअरची ५०१ ते ५०००, व्हेरी रेअरची ५००१ ते ५००००. आणि लेव्हलची पण खूण दिलेली आहे, रेअर लेव्हल ५ पासून पुढे, व्हेरी रेअर ११ पासून. म्हणजे तुझं पहिलं पाणी बरोबर भावात होतं, दुसरं स्वस्त, आणि तिसरं तर लोहाराने स्वतःचं घर विकून दिल्यासारखं. जुन्या साडेतीन एडिशनमध्ये हा हिशेब जास्त चोख होता, बोनसचा वर्ग करायचा आणि २००० ने गुणायचं. +१ ला २०००, +२ ला ८०००, +३ ला १८०००, असं करत +५ ला ५००००, आणि अपग्रेड करायचं तर मधला फरक भरायचा. आग वगैरे पण तिथं बोनसच्याच मापात मोजायचे, +१ ची तलवार आणि वर आग म्हणजे +२ चा भाव. ही गोष्ट मला फार आवडते, कारण खेळणारा स्वतःच बसून विचार करतो की पुढचा +१ घेऊ का त्याऐवजी दुसरं काही.

पण भाऊ, नुसता भाव वाढवून तुझं काम होणार नाही. पाचव्या एडिशनमध्ये थोडं पुढे गेलं की गोल्ड साचत जातं आणि खर्चायला जागा कमी, म्हणजे ५०० चे ५००० केले तर मावसभाऊ चार सेशन उशिरा तिथंच पोचेल, बास. खरा लगाम तुझ्या हातात आहे तो खड्याचा, कारण खडा कुठल्या राक्षसाच्या पोटात ठेवायचा हे तूच ठरवतो. त्यामुळे दुसऱ्या पाण्याचा खडा वेगळा, तिसऱ्याचा वेगळा, आणि तिसऱ्याचा खडा लेव्हल ११ च्या आधी दिसणारच नाही अशा ठिकाणी.

आणि हत्याराला खाने, म्हणजे कप्पे, कर. हे मी पाथफाइंडरच्या दुसऱ्या एडिशनवरून सांगतोय, २०१९ ची, तिथं हत्यारावर रून (जादूची अक्षरं) कोरतात आणि हत्याराचा +१ असेल तर त्यावर खास गुणाचा रून एकच बसतो, +२ ला दोन, +३ ला तीन. तुझ्यासाठी थोडं बदलून सांगतो. हत्याराला लेव्हल ४ पर्यंत एक खाना, ५ ते १० ला दोन, ११ ते १६ ला तीन, त्याच्या पुढे चार. प्रत्येक +१ एक खाना खातो, आग पण एक खाना खाते, आणि आगीची अट ही की डी६ टर्नमध्ये एकदाच लागेल, दर फटक्याला नाही. आता मावसभावापुढे लेव्हल ५ ला दोन रस्ते आहेत, नुसतं +२ घेतलं तर सरासरी १५.७५, आणि +१ वर आग घेतली तर साधारण १६.५. दुसरा थोडा वरचढ वाटतो पण पुस्तकातले बरेच राक्षस आगीला दाद देत नाहीत, तिथं तो मार खातो. दोन्ही रस्त्यांत दम आहे म्हणून निवडायला मजा आहे. आणि टर्नमध्ये एकदाच या अटीमुळे खंजीरवाल्याला आग घेतली तरी तोटा नाही, त्याचा तसाही एकच फटका असतो.

लोहाराचा तो डी२०, त्याच्यावर मी जरा चिडलोच. लोहारनं दुकान शे का मटकानं? ५ किंवा खाली म्हणजे चारात एकदा पैसे बुडणार. चार वेळा न बुडता पार पडायची शक्यता ३२ टक्क्यांच्या आत, आणि चार वेळा भट्टीत घातलं तर कधी ना कधी १ येऊन हत्यार मोडायची शक्यता साडेअठरा टक्के, म्हणजे पाचात जवळपास एक. तुला वाटलं रिस्क ठेवली म्हणजे बॅलन्स झाला. तसं होत नाही, रिस्कने सरासरी भाव थोडा वाढतो, तुझ्या केसमध्ये ५०० चे साधारण ६६७ होतात, पण एकाच्या नशिबी सगळं आणि दुसऱ्याच्या हाती तुटकी मूठ. ज्याचं मोडलं तो घरी बसला आणि ज्याचं जमलं त्याने टेबल खाल्लं, हे त्या नियमातूनच निघालंय. एकट्याने खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये असलं चालतं कारण तिथं माणूस स्वतःशी खेळतो, इथं शेजारी दुसरा बसलेला असतो.

फासा टाकायचा तर टाक, लोकांना फासे टाकायला आवडतं, पण पडलेल्या आकड्याने काम बुडू नये. ५ किंवा खाली आला तर पाणी बसलं, पण हत्याराला खोड लागली. तलवार म्यानातून काढली की लाल उजेड पडतो आणि लपून जाणं बाद. किंवा म्यान तापतं, दर महिन्याला नवं घ्यावं लागतं. किंवा नदी ओलांडताना गुणगुणते आणि नावाडी घाबरून भाडं डबल मागतो. १ आला तर खोड जरा जास्त त्रासाची. असल्या खोडीच लोकांच्या लक्षात राहतात बघ, +२ कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि त्या लोहाराला एका जागी बसवू नको, फिरता कर. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पाल टाकून, भाता लावून विळे-कोयते बनवणारे घिसाडी असतात ना, आज इथं उद्या तिथं, तसा. यात्रेत भेटेल, दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो तशी एखादी तुझ्या दुनियेतल्या तापीकाठी भरव आणि त्या गर्दीत त्याचं पाल. एका भेटीत एका माणसाचं एकच पाणी. पार्टीत हत्यारं चार आणि लोहार दोन दिवसात पाल उचलणार म्हटल्यावर कोणाचं आधी करायचं यावर जे बोलणं होतं ते ऐकण्यासारखं असतं, क्लेरिकवाला पण मोबाईल ठेवेल कदाचित.

एक स्वस्तातला आयटम पण ठेव रेटकार्डात, कोरं पाणी. बोनस शून्य, फक्त हत्यार जादूचं मानलं जाईल. २०१४ च्या पुस्तकात साध्या हत्याराला दाद न देणारे राक्षस भरपूर आहेत, त्यामुळे या कोऱ्या पाण्याला पण किंमत आहे आणि गणित तसूभर हलत नाही. शंभर गोल्ड लाव आणि खाना खाऊ देऊ नको. अशा आडव्या वाढीच्या गोष्टी अजून सुचतील तुला, फेकलेला खंजीर हातात परत येणं, अंधारात पातं मंद पेटणं, तसलं. हिट वाढत नाही, डॅमेज वाढत नाही, पण खेळणाऱ्याला करायला काहीतरी नवीन मिळतं.

विझार्डच्या ३००० गोल्डचं सोपं आहे. पुस्तकात नियम आहे, स्पेलबुकात नवीन स्पेल (मंत्र) उतरवायला स्पेलच्या लेव्हलमागे ५० गोल्ड आणि २ तास. लेव्हल ३ चा फायरबॉल म्हणजे १५० गोल्ड, ६ तास. तिच्याकडे पैसा आहे पण उतरवायला काही नाही, कारण तू खजिन्यात खडेच खडे ठेवतो. पुढच्या गुहेत एखाद्या मेलेल्या विझार्डची अर्धी जळकी वही ठेव, आठ-दहा स्पेलची, मग बघ पैसा कसा उडतो. तिच्या काठीला पण लोहाराने हात लावायला हरकत नाही, स्पेल अटॅकला +१ चालेल, पण स्पेल सेव्ह डीसी (स्पेलमधून वाचायला शत्रूला फाशात गाठावा लागणारा आकडा) वाढवायचा नियम चुकून पण करू नको. डीसीचा एक आकडा म्हणजे फायरबॉलमध्ये सापडलेल्या प्रत्येकावर ५ टक्के, आणि त्यात सहा जण सापडलेत समज. क्लेरिकला पण रेटकार्डात जागा दे, रिव्हिव्हिफायला (नुकत्याच मेलेल्याला उठवायच्या स्पेलला) ३०० गोल्डचा हिरा लागतो, तो हिरा लोहाराच्याच पेटीत ठेवला तर पार्टीचा पैसा आपोआप वाटला जातो.

आता मावसभाऊ. खेळाच्या आत काही करू नको, देवाचा शाप, राजाची जप्ती, काहीच नाही. सेशनच्या आदल्या दिवशी त्याला चहाला ने आणि सरळ सांग की भाऊ, माझ्या नियमात खोट होती, तलवार एवढी भारी झाली की बाकीच्यांना करायला काही उरत नाही, म्हणून सगळ्यांसाठीच नियम बदलतोय. वहीतला हिशेब दाखव, २४ विरुद्ध ११, माणूस आकडे बघून समजतो. मग त्याला निवडू दे, +२ ठेवायचं का +१ आणि आग. +२ घेतलं तर दोन पाण्यांचं गोल्ड आणि खडे परत, +१ आणि आग घेतलं तरी दोनच खाने भरले, तेवढंच परत. लोहाराकडे बुडालेले असतील ते पण देऊन टाक, तुझ्या कागदावरचंच सोनं आहे ते. खडे त्याच्याकडेच राहू दे, लेव्हल ११ ला तिसरा खाना उघडेल तेव्हा वापरायला, म्हणजे त्याला पण पुढे काहीतरी बघायला आहे. तरी तो म्हणाला नाही, मला +३ च पाहिजे, तर ही चालू मोहीम संपेपर्यंत राहू दे त्याच्याकडे आणि नवे नियम पुढच्या मोहिमेपासून, पण एसी मात्र १५ वरच ठेव, त्या काळात तो जिंकतोय तर जिंकू दे.

खंजीरवाल्याला मेसेज करू नको, फोन कर. त्याचं हत्यार नियमाने मोडलं होतं पण तो नियम आता गेला, म्हणून खंजीर, खडा आणि ५०० गोल्ड सगळं परत, आणि उशीर झाला म्हणून कोरं पाणी लोहारातर्फे फुकट. येत्या रविवारी पहिला सीन त्याचाच ठेव, बाकीचे झोपलेले, लोहार पाल आवरतोय आणि हा एकटा जागा आहे.